मसी, कृषी आणि वाणिज्य : भवरलाल जैन यांचे जीवनकार्य

भगवान ऋषभदेवांनी मानवाला असी, मसी, कृषी, विद्या, वाणिज्य आणि शिल्प अशी सहा कर्मे शिकविली, असे आपली परंपरा सांगते. या सहांपैकी वाणिज्य हे कर्म जैन समाजाने इतक्या निष्ठेने जोपासले की, इतर समाजाच्या दृष्टीने जैन आणि व्यापारी हे जणू समानार्थी शब्द ठरले. कृषी मात्र हळूहळू दूर गेली. दक्षिण महाराष्ट्रातील शेतकरी जैन बांधवांचा अपवाद सोडला, तर नांगराच्या फाळाने होणारी जीवहिंसा आणि श्रावकाला वर्ज्य सांगितलेली पंधरा कर्मादाने यांचा विचार करून बहुतेक घराण्यांनी शेतीशी संबंध ठेवला तो धान्याच्या पोत्यापुरता आणि उधारीच्या खात्यापुरता. मसी, म्हणजे शाई, ती चोपडीत राहिली. पुस्तकात क्वचितच उतरली. मसी, कृषी आणि वाणिज्य ही तिन्ही कर्मे एकाच आयुष्यात एकत्र आणणारा एक गृहस्थ आपल्याच महाराष्ट्रात, खानदेशच्या मातीत होऊन गेला. त्यांचे नाव भवरलाल हिरालाल जैन. जळगावकर त्यांना आदराने ‘मोठेभाऊ’ म्हणत.

भवरलालजींचा जन्म १२ डिसेंबर १९३७ रोजी जळगाव जिल्ह्यातील जामनेर तालुक्यात, अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याशी वसलेल्या वाकोद या लहानशा गावी झाला. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात राजस्थानच्या कोरड्या प्रदेशातून अन्नपाण्याच्या शोधात इकडे आले होते. पुढे ज्या माणसाने आपले सारे आयुष्य पाण्याच्या थेंबाचा हिशेब करण्यात घालविले, त्याच्या घराण्याचे स्थलांतरच मुळी पाण्यासाठी झालेले असावे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. खेड्यातून शिक्षणासाठी ते मुंबईला आले आणि वाणिज्य व कायदा या दोन्ही विषयांतील पदव्या त्यांनी मिळविल्या. राज्य शासनाच्या सेवेत अधिकारपदावर जाण्याची संधीही समोर आली. त्या काळात सामान्य घरातील पदवीधर मुलाला सरकारी खुर्ची मिळणे म्हणजे साऱ्या कुळाचा उद्धार मानला जाई. परंतु मातोश्री गौराबाईंचा कौल वेगळा पडला. नोकरीने एका घराचे पोट भरते. शेतीशी निगडित उद्योगाने माणसांबरोबर पशुपक्ष्यांचेही भरते, असा त्या माउलीच्या सांगण्याचा आशय होता. मुलाने तो मानला.

१९६३ साली भवरलालजींनी रॉकेलच्या विक्रीपासून व्यवसायाला आरंभ केला. भांडवल सात हजार रुपये, आणि तेही घरातील तीन पिढ्यांच्या बचतीतून जमलेले. आज ही रक्कम किरकोळ वाटेल. परंतु तीन पिढ्यांनी पोटाला चिमटा घेऊन साठविलेले पैसे एका तरुणाच्या हाती सोपविताना त्या घराने किती मोठा विश्वास दाखविला असेल, याची कल्पना व्यापारी कुटुंबांना वेगळी सांगावयास नको. रॉकेलनंतर बियाणे, खते, कीटकनाशके, ट्रॅक्टर, तुषार सिंचनाचे संच, पाइप अशा शेतीला लागणाऱ्या मालाच्या एजन्सी त्यांनी एकामागून एक घेतल्या. १९६८ साली दहा लाख रुपयांच्या घरात असलेली विक्री १९७८ पर्यंत अकरा कोटींवर गेली. या दहा वर्षांत त्यांनी मालाबरोबरच शेतकऱ्याचे मनही जाणून घेतले. तो पैसे कधी देऊ शकतो आणि कधी देऊ शकत नाही, त्याला कोणत्या महिन्यात काय लागते, कोणत्या आश्वासनावर त्याचा विश्वास बसतो आणि कोणत्यावर बसत नाही, हे ज्ञान दुकानाच्या उंबऱ्यावर उभे राहिल्यावाचून मिळत नाही.

१९७८ हे वर्ष त्यांच्या आयुष्यातील वळणाचे ठरले. जळगावात केळीची भुकटी तयार करणारा एक आजारी कारखाना विक्रीला निघाला होता. भवरलालजींनी तो तीस लाख रुपयांना घेतला. त्या दिवसांत ही किंमत अवाच्या सवा मानली गेली. मात्र केळीच्या भुकटीत त्यांना फारसे भविष्य दिसत नव्हते. त्यांनी त्याच यंत्रसामग्रीत बदल करून पपईच्या चिकापासून पपेन नावाचे विकर तयार करण्यास प्रारंभ केला. औषधे आणि अन्नप्रक्रिया यांसाठी जगभर मागणी असलेला हा पदार्थ. शेतकऱ्याने कच्च्या पपईला चिरा देऊन चीक गोळा करावा, कारखान्याने तो शुद्ध करावा आणि परदेशी पाठवावा, अशी ही साखळी होती. एजन्सीवाल्याचा उद्योजक झाला तो येथे. केवळ शेतकऱ्याला माल विकणारा व्यापारी आता त्याचा माल विकत घेऊ लागला. पुढील साऱ्या वाटचालीचे बीज या उलट्या प्रवाहात होते.

१९८० मध्ये पीव्हीसी पाइपचे उत्पादन सुरू झाले आणि त्या दशकाच्या अखेरीस ठिबक सिंचन आले. ठिबक ही कल्पना भवरलालजींची नव्हे. आधुनिक ठिबक प्रथम इस्रायलमध्ये रुजले. पाटाने पाणी सोडले की ते साऱ्या वावरात पसरते. काही जमिनीत मुरते, काही वाफ होऊन जाते आणि पिकाच्या वाट्याला त्यातील काही भागच येतो. ठिबकमध्ये बारीक नळ्यांतून, ठरावीक अंतरावर बसविलेल्या तोट्यांमधून पाणी थेंबाथेंबाने थेट मुळाशी पोहोचते आणि त्याच पाण्याबरोबर खतही देता येते. परदेशात हे तंत्र मोठमोठ्या बागायतदारांचे होते. दोन-चार एकरांच्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते परवडेल कसे, त्याला ते शिकवील कोण आणि नळी तुंबली तर दुरुस्त करील कोण, या तीन प्रश्नांची उत्तरे शोधणे हे भवरलालजींचे खरे कर्तृत्व. गावोगाव विक्रेते, शेतावर जाऊन सल्ला देणारे कृषितज्ज्ञ आणि जळगावजवळच्या ओसाड, खडकाळ टेकडीवर उभे राहिलेले प्रात्यक्षिक क्षेत्र ही ती उत्तरे होत. ती टेकडी आज ‘जैन हिल्स’ या नावाने ओळखली जाते. शेतकऱ्याने यावे, डोळ्यांनी पाहावे, हाताने चाचपावे आणि मगच पैसे मोजावेत, ही तेथील रीत. ऊतीसंवर्धित केळीच्या रोपांनी याच काळात जळगावच्या केळीचे अर्थकारण पालटले. मुनव्यापासून लावलेल्या केळीला जो काळ लागे, त्यापेक्षा कितीतरी लवकर घड हाती येऊ लागले. सूक्ष्म सिंचनातील कार्यासाठी अमेरिकेतील इरिगेशन असोसिएशनने १९९७ मध्ये त्यांना क्रॉफर्ड रीड स्मृती पुरस्कार दिला आणि २००८ मध्ये भारत सरकारने पद्मश्री देऊन त्यांचा गौरव केला.

ठाणे जिल्ह्यातील वाचकांना पाण्याच्या या हिशेबाचे मोल अधिक जाणवावे. तानसा, भातसा आणि वैतरणा यांचे पाणी शहापूरच्या परिसरातून मुंबईला जाते आणि त्याच शहापूर तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. कल्याण-डोंबिवलीच्या वेशीवरील गावांनाही पाणीटंचाई अनोळखी नाही. गाळूनच पाणी प्यावे आणि पाण्याच्या प्रत्येक थेंबात असंख्य जीव आहेत हे स्मरावे, हा संस्कार आपल्या घरांत लहानपणापासून होतो. थेंबाची काटकसर ही आपल्या धर्माचारात होतीच. भवरलालजींनी ती शेतात नेली.

एवढे वाचून हा सरळ चढणीचा प्रवास होता असा समज होऊ नये. नव्वदच्या दशकात उदारीकरणाच्या वाऱ्यात त्यांनीही वित्तसेवा, माहिती तंत्रज्ञान अशा अनोळखी क्षेत्रांत पाऊल टाकले. भांडवल सहज मिळत होते, सल्लागार उत्साही होते आणि शेतीपेक्षा कागदावरील नफा झटपट दिसत होता. परिणाम व्हायचा तोच झाला. कंपनी तोट्यात गेली आणि कर्जाचा भार असह्य झाला. अशा वेळी मंदी, सरकारी धोरण किंवा भागीदार यांच्याकडे बोट दाखविण्याची सोय प्रत्येक उद्योगपतीला असते. भवरलालजींनी ती वाट घेतली नाही. आपल्या मूळ क्षेत्राबाहेर जाण्यात आपली चूक झाली, हे त्यांनी भागधारकांसमोर उघडपणे मान्य केले, अनोळखी व्यवसाय आवरते घेतले आणि पुन्हा पाणी, पाइप व पीक यांकडे वळले. नव्या गुंतवणुकीच्या आधाराने कंपनी सावरली. क्षमापना हा आपल्याकडे पर्युषणाच्या अखेरचा विधी आहे. पण ताळेबंदावर सही करताना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणण्याचे धैर्य फार थोड्यांकडे असते. धनको प्रथम आकडा पाहतो हे खरे. परंतु अडचणीच्या दिवसांत त्या आकड्यामागचा माणूस खरे बोलतो की नाही, यावरच पुढचे सारे अवलंबून असते.

अशा व्यापात गुंतलेल्या माणसाने लेखन करावे, हे आश्चर्यच. भवरलालजींनी मराठीत आणि इंग्रजीत पुस्तके लिहिली. समाजाची आजची रचना आणि तिची पुनर्बांधणी यांविषयी त्यांनी चिंतन मांडले, उद्योजकतेचा अनुभव शब्दबद्ध केला. परंतु मराठी वाचकांच्या मनात घर केले ते ‘ती आणि मी’ या पुस्तकाने. पत्नी कांताबाई यांच्या निधनानंतर, त्यांच्याबरोबरच्या सहजीवनाविषयी लिहिलेले हे पुस्तक आहे. आपल्या व्यापारी घराण्यांत संस्थापकाच्या तसबिरीला हार घातला जातो, त्याच्या नावे धर्मशाळा उभी राहते, सभागृहाला नाव दिले जाते. परंतु पेढीच्या मागच्या खोलीत, अपुऱ्या पैशांत, पाहुण्यारावळ्यांसह सारे घर सांभाळणाऱ्या बाईचे नाव कोणत्या खतावणीत लिहिलेले असते? उद्योगाच्या यशातील तिचा वाटा पतीने स्वतः लिहून ठेवावा, ही आपल्या समाजातील दुर्मीळ घटना आहे. या पुस्तकाचे थोरपण भाषेच्या अलंकारांत शोधू नये. ऋण मान्य करण्याच्या वृत्तीत ते आहे, आणि ऋण मान्य करणे हा तर व्यापाऱ्याचा पहिला धर्म.

साहित्याविषयीची त्यांची आस्था स्वतःच्या लेखनापुरती नव्हती. अजिंठ्याच्याच परिसरातील पळसखेडचे कवी ना. धों. महानोर यांच्याशी त्यांचा दीर्घकाळ स्नेह होता. एक शेतात कविता पेरणारा आणि दुसरा शेतात पाणी नेणारा. भवरलाल अँड कांताबाई जैन फाउंडेशनच्या वतीने बहिणाबाई, बालकवी ठोंबरे आणि ना. धों. महानोर यांच्या नावांनी साहित्य पुरस्कार देण्यात येऊ लागले. हे तिघेही जळगाव-अजिंठा परिसराच्या मातीशी नाते सांगणारे. आपल्या भूमीतील सरस्वतीची सेवा लक्ष्मीने करावी, हा त्यामागचा भाव.

आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने आपल्या शास्त्रांनी सांगितली. भवरलालजींचा विशेष ओढा ज्ञानदानाकडे होता. २००७ मध्ये जळगावात ‘अनुभूती’ ही निवासी शाळा सुरू झाली. ती पालकांकडून शुल्क घेणारी, दर्जेदार शिक्षण देणारी शाळा. त्यानंतर काही वर्षांतच त्याच नावाची दुसरी शाळा निघाली ती दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुलांसाठी. तेथे शिक्षणाबरोबर मुलांच्या आहाराचीही काळजी वाहिली गेली. उपाशी मुलाच्या डोक्यात इंग्रजी शिरत नाही, हे कळायला शिक्षणशास्त्राची पदवी लागत नाही. परंतु ते कळून त्याची तरतूद अंदाजपत्रकात करणे याला दानाची दृष्टी लागते.

त्यांच्या दानकार्याचे शिखर म्हणजे जैन हिल्सवरील ‘गांधीतीर्थ’. २५ मार्च २०१२ रोजी तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. गांधी रिसर्च फाउंडेशनचे हे केंद्र. येथे महात्माजींच्या जीवनाचा पट उलगडणारे संग्रहालय आहे, तसेच पुस्तके, पत्रे, छायाचित्रे आणि कागदपत्रे यांचे जतन व अभ्यास यांची व्यवस्था आहे. एका जैन उद्योगपतीने देवालयाऐवजी गांधीजींचे तीर्थ का उभारावे, असा प्रश्न काहींच्या मनात येतो. त्याचे उत्तर इतिहासात आहे. १८९१ मध्ये बॅरिस्टर होऊन मुंबईत उतरलेल्या तरुण गांधीजींची भेट ज्या श्रीमद् राजचंद्रांशी झाली आणि ज्यांचा ठसा त्यांच्या मनावर आयुष्यभर राहिला, ते राजचंद्र जवाहिऱ्याच्या पेढीवर बसणारे जैन व्यापारी होते, आणि लेखकही होते. हिऱ्यांचा सौदा आटोपताच आत्मचिंतनाची वही उघडणारा तो पुरुष. पुढे गांधीजींनी मांडलेली विश्वस्तपणाची कल्पना आपल्या परिग्रह-परिमाण व्रताशी जवळचे नाते सांगते. संपत्ती मिळवावी, परंतु आपण तिचे मालक नसून सांभाळणारे आहोत हे विसरू नये. हे जग आपल्याला मिळाले त्याहून चांगले करून मागे ठेवावे, हे ध्येयवाक्य भवरलालजींनी आपल्या उद्योगासाठी निवडले होते. गांधीतीर्थ हे त्याच वाक्याचे दगडी रूप.

काही प्रश्न मात्र उरतात आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. त्यांच्या उद्योगात कांद्यावर प्रक्रिया होते. पांढऱ्या कांद्यासाठी शेतकऱ्यांशी आगाऊ करार करून किमान भावाची हमी देण्याची पद्धत तेथे रुजली आणि तिचा अभ्यास देशोदेशीच्या व्यवस्थापन संस्थांनी केला. परंतु ज्या समाजातील असंख्य घरांत कंदमूळ शिजत नाही, त्या समाजातील उद्योजकाने कांद्याचा व्यापार करावा काय? व्रतनिष्ठ श्रावक याचे उत्तर नकारार्थी देईल आणि त्याचा आदर केला पाहिजे. दुसऱ्या बाजूला, बाजारात भाव कोसळल्यावर रस्त्यावर कांदा ओतणारा शेतकरी कल्याणच्या बाजार समितीत माल घेणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. त्याला लागवडीपूर्वीच किमान भावाची शाश्वती देणे हे अभयदानाचे एक रूप नव्हे काय? हा पेच शास्त्राच्या एका वचनाने सुटणारा नाही. प्रत्येक व्यापारी कुटुंब आपापल्या व्यवसायात तो थोड्याफार फरकाने सोडवीतच असते. भवरलालजींनी आपली निवड केली आणि ती लपविली नाही.

२५ फेब्रुवारी २०१६ रोजी त्यांचे निधन झाले. त्यानंतर कंपनीवर पुन्हा कठीण काळ आला. २०१९ मध्ये तिची रोखता आटली, कर्जाचे हप्ते थकले. २०२२ मध्ये धनकोंबरोबरची निराकरण योजना अमलात आली आणि २०२३ मध्ये परदेशातील सिंचन व्यवसाय रिव्युलिस या कंपनीत विलीन करून कर्जाचा बोजा हलका करण्यात आला. हा भाग चरित्रपर लेखांतून बहुधा गाळला जातो. तो गाळू नये. थोर माणसाने उभारलेली संस्थादेखील कर्जाच्या नियमातून सुटत नाही, हे व्यापारी घरांतील तरुणांना कळले पाहिजे. सरकारी अनुदानाचे पैसे उशिरा मिळतात, माल उधारीवर जातो आणि व्याज मात्र रात्रंदिवस चालते; कृषी व्यवसायातील ही जुनी दुखणी आहेत. पण त्याच बरोबर दुसरेही एक सत्य ध्यानात घ्यावे. ज्या वर्षांत शेअरचा भाव कोसळला होता, त्या वर्षांतही शेतकऱ्यांच्या वावरात अंथरलेल्या नळ्यांतून पाणी ठिबकतच होते, आणि शाळेत शिकून बाहेर पडलेल्या मुलाचे ज्ञान कोणताही धनको जप्त करू शकत नव्हता. नफा परत जाऊ शकतो. दिलेले परत जात नाही.

ठाण्याच्या टेंभी नाक्यावरील श्रीमुनिसुव्रतस्वामींचे मंदिर ‘कोकण शत्रुंजय’ म्हणून प्रसिद्ध आहे आणि श्रीपाल राजाची कथा या नगरीशी जोडलेली आहे. नवपदाच्या ओळीत ती कथा आपण ऐकतो. त्या कथेत धवल शेठ नावाचा एक धनाढ्य व्यापारी आहे. जहाजे, माल, नोकरचाकर, सर्व काही त्याच्याजवळ होते. तरी दुसऱ्याचे वैभव त्याला पाहवले नाही आणि त्याने श्रीपालाला समुद्रात लोटले. नवपदाच्या स्मरणाने श्रीपाल ठाण्याच्या किनाऱ्याला लागला. संपत्ती दोघांच्याही हाती आली. एकाची तृष्णा वाढत गेली, दुसऱ्याचे औदार्य. व्यापाऱ्यापुढे या दोन वाटा तेव्हापासून आजतागायत उघड्या आहेत.

आपल्या ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या परिसरात दानाची परंपरा क्षीण नाही. आयंबिल शाळा, पांजरपोळ, जीवदया, वैद्यकीय साहाय्य यांसाठी हात सैल सुटतो. ज्ञानाच्या वाटेवर मात्र अजून बरेच करण्याजोगे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून वाचकांची सेवा करीत आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१० मध्ये ठाण्यात आणि २०१७ मध्ये डोंबिवलीत भरले. ज्या नगरांत आपण तीन-तीन पिढ्या व्यापार केला, त्यांच्या भाषेचे आणि ग्रंथांचे ऋण आपल्यावर आहेच. एखाद्या वाचनालयाचे एक कपाट, एखाद्या होतकरू मुलाचे एका वर्षाचे शुल्क, शहापूर-मुरबाडकडील एखाद्या आदिवासी शेतकऱ्याच्या अर्ध्या एकरावरील ठिबकचा संच, यांतील एक काम एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आणि एक काम तर विनाखर्चाचे आहे. घरातील ज्येष्ठांनी आपल्या पेढीची कथा लिहून ठेवावी. भांडवल कोठून आले, कोणत्या वर्षी बुडाले, कोणी उधारी दिली, कोणत्या बाईने दागिने काढून दिले, कोणती चूक झाली आणि ती कशी निस्तरली, हे सारे मुलानातवंडांसाठी कागदावर यावे. दिवाळीला चोपडीपूजन करताना आपण पहिल्या पानावर ‘शुभ-लाभ’ लिहितो. पुढची पाने आकड्यांनी भरतात. त्यातील दोन-चार पाने शब्दांसाठी राखून ठेवली, तरी मसीचे विसरलेले कर्म आपल्या घरी परत येईल.